पायाखाली काय आहे? : हिवाळ्यात लहान कुत्र्याला घरातल्या जागेची सवय

बालाघाटचा हिवाळा तसा लांबलचक नाही. दिवाळीनंतर गारवा येतो आणि संक्रांत उलटून काही दिवस गेले की काढता पाय घेतो. बोचरं हिव म्हणावं ते डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत. शहरात रात्रीचा पारा आठ-दहा अंशांवर येतो, बैहरच्या पठारावर आणि मलाजखंडकडे त्याहून खाली उतरतो. कान्हाच्या गवताळ मैदानांत तर पहाटे दहिवर गोठून गवत पांढरं पडलेलं असतं. माणसं स्वेटर-मफलरवर आणि दाराशी पेटवलेल्या शेकोटीवर हे दिवस काढतात, गोठ्यातल्या जनावरांना तनस असते. पंचाईत होते ती अलीकडे घरोघर आलेल्या तीन ते आठ किलोंच्या कुत्र्यांची आणि त्यांच्या मालकांची. रात्री अकराला आणि पहाटे पाचला त्याला बाहेर कोण नेणार? आणि नेलं तरी ते बसणार का?

मग घरातच एखादी जागा करून द्यावी का, द्यायची तर कशी, आणि दिली तर बाहेर जायची सवय कायमची मोडते का, हे प्रश्न निघतात. त्यांवर घरातली वडीलमाणसं एक सांगतात, पशुवैद्य दुसरं, आणि मोबाइलवरचे प्रशिक्षक तिसरं. हे सगळं वाचून, ऐकून आणि पाहून माझं जे मत झालं आहे ते आधीच सांगतो. आत की बाहेर हा वाद मोठ्या आवाजात चालतो खरा, पण कुत्र्याच्या लेखी तो दुय्यम आहे. त्याच्या लेखी महत्त्व असतं पायाखाली काय लागतं याला. माती, गवत, कागद, कापड यांतलं जे त्याच्या तळव्यांना लहानपणी सवयीचं झालं, ते जिथे असेल ती त्याची जागा.

लहान कुत्र्याला थंडी जास्त का वाजते, हे समजायला अवघड नाही. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहाच्या आधी निवतो, तसंच हे. शरीर जितकं लहान तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त, आणि उष्णता जाते ती कातडीतून. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळात आपल्यापेक्षा अधिक, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ते टिकवण्यासाठी इवल्या देहाला मोठी मेहनत पडते. सगळ्या जातींचं मात्र सारखं नाही. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून वावरणारी बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ असतात. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि बालाघाटच्या थंडीत ती मजेत अंगणात लोळतात. हच या मोबाइल कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीनंतर गावोगाव पोचलेला पग मात्र तोकड्या केसांचा. चिहुआहुआचंही तसंच. डॅशहुंडची तर गोष्टच निराळी, कारण त्याचं पोट जमिनीपासून चार बोटांवर असतं आणि दहिवराने भिजलेलं गवत सरळ पोटाला लागतं.

आणि थंडीत लघवी वाढते. गारठ्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या अवयवांकडे वळतं, तिथला दाब वाढतो आणि मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकू लागतात. हिवाळ्यात आपण रात्री दोनदा उठतो त्यामागे हेच कारण. म्हणजे ज्या दिवसांत बाहेर जाणं नको वाटतं, नेमक्या त्याच दिवसांत जायची गरज वाढलेली असते.

हे दारात उभं राहून पाहण्यासारखं आहे. दार उघडलं की डॅशहुंड उंबऱ्यावर थबकतो. उजवा पाय पायरीवर टेकवून उचलतो, मग डावा टेकवून उचलतो. मालक मागून ढोसतो. कुत्रा पायरी उतरतो, भिंतीला अंग चिकटवून उभा राहतो, कान मागे, शेपटी पोटाखाली. नाक एकदाही जमिनीला लागत नाही. मालक शाल आवळत “कर ना रे, कर ना” म्हणत असतो. मिनिटभराने दोघं आत येतात, दार लागतं, मालक पांघरुणात शिरतो, आणि तेवढ्यात छपरीतल्या पायपुसण्यावर कुत्रा निवांत बसतो. घरातले म्हणतात, मुद्दाम करतो. मुद्दाम काहीही नसतं. आखडलेल्या अंगाने लघवी सुटत नाही. ऊब मिळाली की स्नायू सैलावतात आणि थोपलेलं बाहेर पडतं. पायपुसणंच का निवडलं, याचं उत्तर पुढे येईल.

घरात जागा करून द्यायला आपल्याकडे पहिला विरोध होतो तो संस्काराचा. कुत्र्याची जागा ओसरीवर, अंगणात, फार तर छपरीत. ते घरात शिरलं तरी देवघर आणि चूल यांच्या हद्दीबाहेर राहावं, ही मराठी घराची जुनी रीत. खंडोबाच्या कुत्र्याला मान आहे, साताऱ्याच्या शाहू महाराजांनी आपल्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला बांधली, पण म्हणून त्याला माजघरात कोणी बसवलं नाही. आता तेच कुत्रं घरात राहतंच, वर शी-शूही घरातच करणार म्हटल्यावर आजी नाक मुरडणार हे उघड आहे. याच आजीच्या पिढीने घरात संडास बांधायलाही असाच विरोध केला होता. राहत्या घरात घाण कशी ठेवायची, हाच तेव्हाचा सवाल होता. संडास आत आले, कारण रात्री-अपरात्री बाहेर जाण्याची गैरसोय आणि धोका त्या किळसेपेक्षा मोठा ठरला. कुत्र्याच्या बाबतीतही हिशेब तोच करावा लागतो.

आणि बालाघाटात धोका थंडीपुरता नाही. कान्हा आणि पेंच यांना जोडणारं जंगल याच जिल्ह्यातून जातं, दक्षिणेला गोंदियाकडे नवेगाव-नागझिरा आहे. गावाच्या कडेला बिबट्या येतो तो बहुतेकदा कुत्र्यासाठीच. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात, म्हणजे जंगल नसलेल्या ऊसपट्ट्यात, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने तब्बल ३९ टक्के वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचा निघाला. शेळ्यामेंढ्या त्या मानाने कितीतरी मागे होत्या. तिथे ही तऱ्हा, तर बैहर, लांजी, कटंगीकडच्या वाड्यांत रात्री सांदवाडीत एकटं सोडलेलं चार किलोंचं कुत्रं किती सुरक्षित, हे सांगायला नको. गावात बिबट्या नसला तरी मोकाट कुत्र्यांची टोळी असतेच. हिवाळ्याच्या रात्री ती एकत्र, बेचैन आणि हद्दीबद्दल फार जागरूक असते.

तिसरं कारण पिल्लाच्या वयाचं. पार्व्हो हा कुत्र्यांचा रोग १९७८च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही लस न घेतलेल्या पिल्लांचा सर्वांत मोठा काळ तोच आहे. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो, थंड आणि सावलीच्या जागी तर जास्तच. लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. दिवाळीच्या आसपास घरी आणलेलं पिल्लू या हिशेबाने ऐन थंडीत अर्धवट संरक्षित असतं. रस्त्याकडेच्या ज्या मातीवर गावभरची कुत्री येऊन जातात तिथे त्याला नेणं शहाणपणाचं नाही. इथे पशुवैद्य एक दुरुस्ती सुचवतात ती लक्षात ठेवण्यासारखी. बाहेरची माती टाळायची म्हणून पिल्लाला कोंडून ठेवायचं नसतं. पहिल्या तीन महिन्यांत त्याने माणसं, आवाज, वाहनं पाहिली नाहीत तर ते पुढे भित्रं किंवा चावरं होतं. त्याला कडेवर घेऊन बाजार दाखवावा आणि जमिनीवर घरी ठेवावं.

आता विरुद्ध बाजू. एकच जागा शिकवा, ती बाहेरची शिकवा, दोन जागा शिकवल्या की कुत्रं गोंधळतं, असं मानणारे प्रशिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२० साली मालकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठ्या कुत्र्यांच्या तुलनेत लहान कुत्री पूर्णपणे शिकलेली असण्याचं प्रमाण त्यात बरंच कमी आढळलं. एकच जागा मानणारे हा दाखला पुढे करतात. पण त्यातून दोन अर्थ निघतात. लहान कुत्र्याला घरात शू शोषणारा पॅड दिला म्हणून ते बिघडलं असेल, किंवा त्याची चूक छोटी, चमचाभर, पोतेऱ्याने पुसली की गेली, म्हणून मालकाने शिकवण्याचं मनावर घेतलं नसेल. लॅब्राडोरने बैठकीत तळं केलं तर घर खडबडून जागं होतं. पॉमने केलं तर “लहान आहे” म्हणून सोडून देतात. मला दुसरं कारण जास्त पटतं.

गोंधळाच्या मुद्द्याचं उत्तर मात्र द्यायला हवं, आणि ते पायांत आहे. पिल्लू जन्मतः आंधळं-बहिरं असतं, पहिले दोन-तीन आठवडे आई चाटते तेव्हाच त्याची शी-शू होते. तिसऱ्या आठवड्यापासून ते झोपायची जागा सोडून जरा बाजूला जाऊन बसू लागतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत अनेक वर्षं पिल्लांच्या वाढीचं निरीक्षण केलं. १९६५ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी नोंदवलं की आठ-नऊ आठवड्यांची होता होता पिल्लं ठरावीक जागी जायला लागतात. म्हणजे तुम्ही पिल्लू घरी आणता त्याच सुमारास त्याची पसंती पक्की होत असते. ही पसंती वासाची असते तशीच स्पर्शाची असते. गवतावर वाढलेलं गवत शोधतं. सिमेंटच्या खोलीत, पिंजऱ्यात वाढवून विकलेलं पिल्लू कडक फरशीलाच आपली जागा समजतं, आणि त्याला बदलणं सर्वांत जिकिरीचं.

म्हणून दोन जागा शिकवायला हरकत नाही, दोन स्पर्श शिकवू नयेत. बाहेर माती आणि आत कापडासारखा पॅड, हा खरा गोंधळ. बाजारात मिळणाऱ्या पॅडच्या पोटात बाळाच्या डायपरमध्ये असते तीच पाणी शोषून घेणारी पूड असते, वरून मऊ पापुद्रा. पॅडवर शिकलेल्या कुत्र्याच्या तळव्यांना कळतं ते इतकंच, की मऊ आणि शोषणारं काही पायाखाली आलं की बसायचं. मग पायपुसणं, सतरंजी, पलंगावरून लोंबणारी चादर, सगळंच त्याला पॅड वाटतं. आपल्याकडे तर हिवाळ्यात जमिनीवर वाकळा-गोधड्यांचे थर पडलेले. गोधडीवर शू केली म्हणून मार खाणारं पिल्लू बहुतेकदा शिकवलेलंच तंतोतंत करत असतं. पॅड वाईट नाहीत. दहाव्या मजल्यावर एकटं राहणाऱ्या माणसाला ते वरदान आहेत, आजारी कुत्र्याला आवश्यक आहेत. पण ज्या घराला मागे दोन हात मातीचा तुकडा आहे त्या घराने पॅडपासून सुरुवात का करावी, हे मला कळत नाही. शिवाय पॅड रोज लागतात, आणि त्यांचा खर्च किराण्याच्या वहीत वेगळा मांडावा लागतो.

रद्दीचा उपाय सर्वांत जुना. वर्तमानपत्र अंथरायचं, भिजलं की गुंडाळून फेकायचं. स्वस्त आहे, हाताशी आहे, पण शोषण कमी. ओघळ कडेने बाहेर येतो, पाय भिजतात, आणि ओल्या कागदाचे पंजे घरभर उमटतात. रोज सकाळी दाराशी पडलेला ताजा पेपर कुत्र्याने आपला समजला तर तक्रार कोणाकडे करणार? प्लास्टिकचं खोटं गवत लावलेले ट्रे हल्ली ऑनलाइन मिळतात. गवताच्या स्पर्शाला ते बरे, पण रोज धुवावे लागतात. हिवाळ्यात गार पाण्याने रोज कोण धुणार, म्हणून आठवड्यात त्यांचा वास छपरीभर होतो.

बालाघाटसारख्या गावी मला सर्वांत योग्य वाटते ती विटांची चौकट. मागच्या छपरीच्या कोपऱ्यात ताडपत्रीचा तुकडा, चार बाजूंनी विटा आडव्या, आत चार बोटं माती. हीच माती बाहेर कुत्रं जिथे बसतं तिथून आणायची, म्हणजे वासही तोच आणि स्पर्शही तोच. वैनगंगेची रेती चालते, शू लवकर खाली जाते, पण कोरडी रेती पायाला लागून पसरते. माती-रेती अर्धी अर्धी उत्तम. तांदळाच्या गिरणीतलं तूस फुकटात मिळतं म्हणून काही जण तेच भरतात. ते हलकं असतं, वाऱ्याने उडतं आणि कुत्र्याच्या पोटाच्या केसांत अडकून बसतं. चौकट कुत्र्याच्या लांबीच्या किमान दीडपट हवी, कारण बसण्याआधी ते स्वतःभोवती फिरतं आणि फिरायला जागा नसली तर बाहेरच बसतं. घमेलं म्हणूनच सहसा उपयोगी नाही. काठ उंच आणि जागा कमी. एका बाजूची वीट काढून ठेवली तर पिल्लालाही आत शिरता येतं.

जागा न्हाणीत असावी का? अनेक घरांत पहिला विचार हाच येतो, उतार आहे, पाणी आहे, मोरी आहे. पण हिवाळ्यात सकाळी सहापासून तिथे घरभराच्या आंघोळी, बादल्यांचे आवाज, वाफ आणि ओली फरशी. पिल्लाला नेमकी जायची वेळही तीच. त्यातून न्हाणीचं दार लागलेलं असलं की जागाच नाहीशी. खाण्याच्या भांड्यापासून आणि बिछान्यापासून दूर, दार नसलेला, वारा न लागणारा कोपरा शोधावा. झेक आणि जर्मन संशोधकांनी सत्तर कुत्र्यांच्या हजारो बैठका मोजून २०१३ साली असं मांडलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्री उत्तर-दक्षिण दिशेने शी करणं पसंत करतात. त्यांना पुढच्या वर्षी इग नोबेल मिळालं. वास्तुतज्ज्ञांना हे वाचून भरतं येईल, पण छपरीचा कोपरा कोणत्या दिशेला आहे याची काळजी करू नये.

शिकवण्यात गुंतागुंत काही नाही, चिकाटी लागते. पिल्लू झोपून उठलं की लगेच, खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत आणि खेळता खेळता अचानक थांबलं की त्याला जायचं असतं. दोन महिन्यांच्या लहान जातीच्या पिल्लाला दिवसा दोन तासांपेक्षा जास्त धरून ठेवता येत नाही, थंडीत त्याहूनही कमी. इशारे पाहायला शिकावं लागतं. खेळ सोडून ते बाजूला जातं, नाक जमिनीला लावून झपझप हुंगतं, हुंगण्याचं वर्तुळ लहान होत जातं, मागचे पाय किंचित वाकतात. हुंगणं सुरू झालं की उचलून चौकटीत ठेवायचं. पाय वाकल्यावर उचललं तर उशीर झालेला असतो आणि वाटेत आपला सदरा भिजतो. चौकटीत ठेवल्यावर बोलायचं नाही, खेळवायचं नाही, फक्त थांबायचं. झालं की त्याच क्षणी एक ठरलेला शब्द आणि खाऊचा तुकडा. पुढे महिन्याभराने तोच शब्द आधी म्हटला की ते बसू लागतं, आणि बाहेर गारठ्यात उभं राहायची वेळ आली तरी काम मिनिटभरात उरकतं. एवढा वेळ कशाला, असं वाटेल. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी तीन किलोंच्या वरच्या सस्तन प्राण्यांना लघवी करायला सरासरी एकवीस सेकंद लागतात असं दाखवलं होतं, मग तो हत्ती असो की कुत्रा. वेळ जातो तो जागा पसंत करण्यात.

पहिले काही आठवडे घरातल्या सगळ्या खोल्या त्याला मोकळ्या नकोत. नजर नसेल तेव्हा लहान कुंपणात किंवा पिंजऱ्यात, रात्री बिछान्याजवळ. झोपायची जागा खराब न करण्याची त्याची उपजत बुद्धी इथे कामी येते. पण पिंजरा म्हणजे दिवसभराची कोठडी नाही. तासन्‌तास कोंडलेलं पिल्लू शेवटी आतच बसतं, आणि ही उपजत बुद्धी एकदा मोडली की परत येत नाही म्हणा ना.

मारणं आणि नाक घासणं याबद्दल तज्ज्ञांत फारसा मतभेद उरलेला नाही. अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली स्पष्ट लिहिलं की शिक्षेच्या पद्धती सोडून बक्षिसाच्या पद्धतीच वापराव्यात. आपल्या घराघरांत मात्र “नाक घासलं की कळतं” हे अजून ठामपणे सांगितलं जातं. पाच मिनिटांपूर्वी केलेल्या शूचा आणि आत्ताच्या मारण्याचा संबंध पिल्लाला लागत नाही. त्याला लागतो तो एवढाच, की माणसासमोर बसलं की मार पडतो. म्हणून ते पुढच्या वेळी सोफ्याच्या मागे जातं, आणि बाहेर नेल्यावर मालक दोरी धरून उभा असताना तर मुळीच बसत नाही. अंगणात अर्धा तास उभं राहून काहीच न करणारी कितीतरी कुत्री मुळात मार खाल्लेली असतात.

चुकलेल्या जागेची सफाई हा अर्धा विषय आहे आणि तो फरशीवर अवलंबून आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीत शू जिरते, वरून पुसून काही होत नाही. तो ओलसर भाग खुरप्याने खरवडून काढून, ऊन देऊन, मग नव्याने सारवावं लागतं. शहाबादी फरशी धुता येते पण सांध्यांत वास राहतो. टाइल्स सर्वांत सोप्या. आपण हात घालतो तो फिनाइलच्या बाटलीला, आणि तिथेच चुकतं. फिनाइल आपल्या नाकाचा वास झाकतं, कुत्र्याच्या नाकाला खालचा वास येतच राहतो. काळं फिनाइल जास्त झालं तर पंजे आणि जीभ दोन्ही होरपळतात. अमोनिया असलेली द्रावणं तर टाळावीतच, लघवीलाही तोच वास. विकरवाली द्रावणं मिळाली तर उत्तम, नाहीतर साध्या पाण्याने टिपून, पातळ केलेला व्हिनेगर, तो वाळल्यावर खाण्याचा सोडा शिंपडून झाडून घेणं, एवढं पुरतं.

मातीच्या चौकटीतली शी दिसल्याबरोबर काढावी. कुत्र्याच्या गोल जंतांची अंडी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणजे रोज उचललं तर रांगणाऱ्या मुलाला त्यांचा धोका बराच कमी होतो. आठवड्याने माती पूर्ण बदलावी, जुनी खड्ड्यात पुरावी, वांगी-मेथीच्या वाफ्यात घालू नये. हा धानाचा, म्हणजे उंदीर-घुशींचा जिल्हा आहे, आणि लेप्टोस्पायरोसिस उंदरांकडून कुत्र्यात आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसात येतो. घरात जागा करणार असाल तर त्या लसीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

नर सहा-आठ महिन्यांचा झाला की तंगडी वर करायला लागतो आणि चौकट अपुरी पडते. धार विटांवरून भिंतीवर जाते. मातीत मधोमध एक जाडसर लाकडी ओंडका उभा रोवला तर त्याला लक्ष्य मिळतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या बेट्टी मॅकग्वायर यांनी २०१८ साली दाखवलं की लहान नर मोठ्यांच्या मानाने पाय जास्त उंच उचलतात, जणू धार उंच गेली की वास घेणाऱ्याला आपणही मोठे वाटू. ओंडका म्हणूनच त्याच्या खांद्यापेक्षा थोडा उंच असावा. दारं, पलंगाचे पाय यांवर थेंब थेंब टाकणं हे शू नसून हद्द आखणं असतं. नसबंदीने बऱ्याच नरांत ते कमी होतं, सगळ्यांत नाही.

बाहेरच जाण्याची पक्की सवय असलेलं चार-पाच वर्षांचं कुत्रं हिवाळ्यात अचानक घरात बसायला तयार होत नाही, हा प्रश्न परदेशातल्या मराठी घरांना जास्त पडतो. टोरांटो किंवा मिनियापोलिसला उणे वीस अंशांत तिथले लोक मागच्या अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला करून गवताचा तुकडा मोकळा ठेवतात, रस्त्यावर टाकलेलं मीठ पंजांना झोंबू नये म्हणून बूट घालतात किंवा आल्यावर कोमट पाण्याने पाय धुतात, आणि गॅलरीत खऱ्या हिरवळीचा ट्रे ठेवतात. बालाघाटला बर्फाचा प्रश्न नाही, पण युक्ती तीच. दारापासून आत थोडं थोडं सरकायचं. आधी बाहेरच्या नेहमीच्या जागी चौकट, मग पायरीपाशी, मग छपरीत, दर टप्प्यावर त्याचीच शू लागलेली मूठभर माती आत. घाई केली की ते चोवीस तास धरून ठेवतं, आणि ते घातक आहे. लघवी तुंबवणं आणि हिवाळ्यात पाणी कमी पिणं या दोन्हींनी मूत्राशयात खडे होण्याला आमंत्रण मिळतं. शिह त्झू, ल्हासा अप्सो, यॉर्कशायर या लहान जाती त्यासाठी आधीच बदनाम आहेत. पाणी कोमट करून ठेवावं, जेवणात थोडा पातळपणा ठेवावा. कुत्रं वारंवार बसून थेंबच टाकत असेल, रक्त दिसत असेल किंवा नर जोर लावूनही काही बाहेर येत नसेल, तर तो शिकवणुकीचा विषय राहत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मोठ्या तपासण्यांसाठी बालाघाटकरांना नागपूरचं किंवा जबलपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय असे दोन रस्ते आहेत.

घरात जागा झाली म्हणजे फिरणं संपलं, असा सोयीचा अर्थ काही जण काढतात. जर्मनीत २०२२पासून कुत्र्याला पुरेसा वेळ मोकळ्यावर नेण्याचा नियम लागू आहे, त्याची बातमी आपल्याकडे गंमत म्हणून छापली जाते. आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, कलम ११ मध्ये, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा गुन्हा सांगितला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. जानेवारीतही बालाघाटला दुपारी अकरा ते चार लख्ख ऊन असतं. शूसाठी पहाट आत, पायांसाठी दुपार बाहेर, असं वाटून घेतलं की कुत्रंही खूश आणि माणूसही.

फेब्रुवारी उजाडला की बहुतेक घरं चौकट मोडून विटा परत ढिगावर टाकतात. ती ठेवावी. पावसाळ्यात, जेव्हा मुंबई-कोकणातल्या घरांचा हाच प्रश्न थंडीऐवजी सरींमुळे उभा राहतो, तिचा उपयोग दुसऱ्यांदा होतो. आणि लहान जातीची कुत्री चौदा-पंधरा वर्षं जगतात. शेवटच्या दोन-तीन वर्षांत मूत्रपिंडं थकतात, सांधे आखडतात, काहींना रात्री आपण कुठे आहोत हेच उमजेनासं होतं. तेव्हा विटांचा काठ एका बाजूने पूर्ण काढून टाकावा, रात्री तिथे बारीक दिवा ठेवावा. मातीची सवय असलेलं म्हातारं कुत्रं डोळे गेले तरी वासाने आणि पंजांनी तिथवर पोचतं. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरू नयेत म्हणून बिछान्यापासून चौकटीपर्यंत जुन्या बारदानाचा पट्टा अंथरला की पुरे.